टिपणीसांचा सोवळा ससा

परवा आमच्या सूनबाईंनी नातीसाठी ससा आणायचा विषय काढला. "गोड दिसतो, आवाज नाही, काही नाही. दर रविवारी शाम्पू लावून आंघोळ घातली की झालं," असं ती म्हणाली. मी म्हटलं, "आण बाई. पण ज्या दिवशी त्याला आंघोळ घालशील, त्या दिवशी मी माझी बॅग भरीन." ती हसली. म्हातारीचं काहीतरी, असं तिला वाटलं असणार. तिला टिपणीस माहीत नाहीत.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. टिपणीस गेले की आहेत हे मला ठाऊक नाही आणि मी कधी चौकशीही केलेली नाही, तेव्हा तो नियम मी काही पाळत बसणार नाही.

वाशीत आम्ही राहायला आलो तेव्हा वाशी अगदीच नवी होती. रस्ते रुंद आणि त्यावर माणूस नाही. दादरला राहणारे आमचे नातेवाईक "तिकडे खाडीपलीकडे" असं म्हणायचे, जसं काही आम्हाला तडीपार केलं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर तीन दारं. मधलं आमचं, उजवीकडचं कांबळ्यांचं आणि डावीकडचं टिपणीसांचं. मी तेव्हा रबाळ्याच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. कांबळे एका इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्सला. त्यांची बायको शालिनी जवळच्या शिरवणे गावातल्या शाळेत शिकवायची. आणि टिपणीस एका औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. गोळीवर डाग असला तर ती बाजूला काढायची, हे त्यांचं काम. घरी आल्यावरही ते तेच करायचे, फक्त गोळ्यांऐवजी माणसं.

अंगात पांढरा बुशशर्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. दोन खिशांत दोन रुमाल. उजवीकडचा स्वतःच्या तोंडासाठी, डावीकडचा जगासाठी. दाराची कडी, जिन्याचा कठडा, बसची दांडी, लोकांची बेल, सगळं ते डाव्या रुमालानं धरायचे. "हायजीन हो, वहिनी, हायजीन! आपल्या लोकांना हायजीन कळत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. 'आपल्या लोकांना' म्हणताना ते स्वतःला त्यात धरत नसत.

नव्या गावाचं एक बरं असतं, कुणाचं मागचं कुणाला माहीत नसतं. टिपणीसांना नेमकं तेच खुपायचं. नवीन बिऱ्हाड आलं की ते जिन्यात उभे राहून विचारायचे, "मूळचे कुठले?" गाव कळलं की, "तिकडचे म्हणजे... कुठल्या आळीतले?" आडनावावरून कळलं नाही तर सणावारांवरून, नाही तर स्वयंपाकाच्या वासावरून काढायचे. कांबळ्यांच्या बाबतीत त्यांना एवढा त्रास पडला नाही. दारावर पाटी होती आणि दार उघडलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसत होती.

कांबळे पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ते मुलीच्या बारशाचं आमंत्रण द्यायला. टिपणीस दारातच गोड बोलले. कांबळे वळले, त्यांचं दार लागलं, तसे टिपणीस ओलं फडकं घेऊन बाहेर आले आणि बेलचं बटण पुसायला लागले. मी माझ्या दारात दूध घेत उभी होते. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"मी सगळ्यांच्याच मागे पुसतो हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांची बेल वाजवून हळद मागितली आणि घरी येऊन दाराच्या फटीतून बघत बसले. कुणी फडकं घेऊन आलं नाही. पुढे मी हे बऱ्याचदा करून पाहिलं. त्यांच्या घरातली हळद संपत आली असेल, पण माझ्या बोटांमागून फडकं कधी आलं नाही.

त्यांची बायको, सुधाताई, मूळच्या पेणच्या. बारीक, गोरी, हळू बोलणारी बाई. मूलबाळ नव्हतं. दिवसभर घर पुसायचं आणि संध्याकाळी नवऱ्यानं बोट फिरवून कुठे धूळ राहिली ते दाखवलं की परत पुसायचं, हा त्यांचा संसार. एकदा त्यांनी नवऱ्याकडे हट्ट धरला. मला त्यांनी स्वतःच सांगितलं, "मी म्हटलं, घरात काहीतरी हलतं पाहिजे हो. भिंतींशी किती बोलायचं?" कुत्रा नको, तो अंग चाटतो. मांजर नको, ते कुठेही जाऊन येतं. पोपट दाणे सांडतो. असं एकेक बाद करत टिपणीस सशावर आले. एका रविवारी क्रॉफर्ड मार्केटातून वेताच्या टोपलीत घालून ससा आला. शुभ्र पांढरा, लाल डोळ्यांचा, मुठीएवढा. टिपणीसांनी त्याचं नाव युवराज ठेवलं. सुधाताई त्याला सोन्या म्हणायच्या, पण नवरा कामावर गेल्यावर.

हट्ट बायकोचा होता, पण ससा टिपणीसांचा झाला. रंग त्यांच्या पसंतीचा होता ना! दर रविवारी सकाळी गॅलरीत पितळी घंगाळ मांडलं जायचं. कोमट पाणी, त्यात जंतुनाशकाचे थेंब, लहान मुलांचा साबण. सुधाताईंनी सशाला धरायचं आणि टिपणीसांनी, बाह्या दुमडून, एखादा पुजारी देवाला स्नान घालतो तसं त्याला न्हाऊ घालायचं. मग टॉवेल, मग कंगवा, मग पावडर. कानांत कापूस. शेपटीखाली पुन्हा एकदा ओलं फडकं. हे सगळं झालं की जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला आत बोलवायचे. "या, युवराज बघा. आहे एक डाग कुठे?"

मीही एकदा गेले. ससा टेबलावर, प्लास्टिकच्या कापडावर बसला होता. कान पाठीला चिकटलेले, डोळे बाहेर आलेले, आणि अंगातून बारीक थरथर चाललेली. हलत म्हणून नव्हता.

"बघा कसा शांत बसतो," टिपणीस म्हणाले. "आवडतं त्याला. जनावरालासुद्धा स्वच्छतेची गोडी लागते, वहिनी. लावणारा पाहिजे."

"तो घाबरलाय हो," मी म्हटलं.

"छे! तुम्हाला सवय नाही स्वच्छ जनावर बघायची."

त्यांच्यामागे उभ्या असलेल्या सुधाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. टिपणीसांना भीती आणि आनंद यांतला फरक कळत नव्हता. घरात दोन जीव असे गप्प बसलेले असायचे आणि दोन्ही खूश आहेत असंच ते धरून चालायचे.

मग नखांचं प्रकरण झालं. ससा लादीवर पळताना नखांचा आवाज यायचा, ओरखडे उठतील म्हणून टिपणीसांनी स्वतःच्या नेलकटरनं त्याची नखं काढायचं ठरवलं. सशाच्या नखाच्या आत रक्ताची शीर असते, नुसतं टोक कापायचं असतं. टिपणीसांनी, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, मुळापासून स्वच्छ काढायला घेतलं. ससा किंचाळला. ससा मुका असतो असं मी समजत होते. त्या दिवशी मला कळलं की तो मुका नसतो, त्याच्यावर ओरडायची वेळ सहसा येत नाही, एवढंच. मी धावत गेले. सुधाताई त्या पायाला हळद दाबून धरत होत्या आणि टिपणीस दोन पावलं मागे सरून ओरडत होते, "डाग! अगं डाग पडला! पांढऱ्यावरचं रक्त निघत नाही!"

मी एवढंच म्हटलं, "टिपणीस, त्याला दुखतंय."

"दुखणं थांबेल हो. डागाचं काय?"

हे वाक्य मी पदरचं घातलेलं नाही. ते असंच म्हणाले.

आता शालिनीचं सांगायला हवं. शालिनी लातूरकडची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. शाळेतून येताना शिरवण्याच्या बांधावरचं कोवळं गवत, कधी पाथरीची भाजी, कधी मुळ्याचा पाला पिशवीतून घेऊन यायची आणि जिन्यात सुधाताईंच्या हातात द्यायची. टिपणीस सशाला काय द्यायचे? दुधात भिजवलेला पाव, कडा कापून. का, तर तो पांढरा. सुधाताई ते गवत धुऊन पदराआड नेत आणि दुपारी सशाला घालत. टिपणीस घरात नसलेल्या त्या दुपारी त्या दोघीच काय, मीसुद्धा सेकंड शिफ्ट असली तर जिन्यात बसायचे. ससा आमच्या तिघींच्या पायांतून उड्या मारायचा. ज्याला मी टेबलावर दगडासारखा बसलेला बघितला होता तो हाच, हे खरं वाटायचं नाही.

एकदा शनिवारी टिपणीस लवकर घरी आले. जिन्यात आम्ही नव्हतो, पण ससा बाहेर राहिला होता आणि कांबळ्यांच्या उघड्या दारातून आत गेला होता. टिपणीस दारात उभे राहिले. आत शालिनीच्या मांडीवर ससा, शेजारी तिची रांगती मुलगी त्याचा कान धरून बसलेली.

"घ्या तुमचा पाव्हणा," शालिनी हसून म्हणाली. "आमच्याकडं जेवून चाललाय."

टिपणीसांनी डावा रुमाल काढला, त्यात ससा धरला आणि घरी नेला. शनिवार होता, रविवार नव्हे. पाच मिनिटांत गॅलरीतून घंगाळाचा आवाज आला. पाणी ओतल्याचा, मग परत ओतल्याचा, मग परत. आमच्या तिन्ही गॅलऱ्या एका ओळीत होत्या. शालिनी कपडे वाळत घालायला बाहेर आलेली होती. तिनं तो आवाज ऐकला. हातातला पोरीचा फ्रॉक तिनं तसाच धरून ठेवला होता, दोरीवर घालायचं विसरून. मी माझ्या गॅलरीत होते. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "राहू द्या, राणेवहिनी. मला आवाज ओळखीचा आहे. आमच्या गावात विहिरीवर ऐकायचे."

असा हा हायजीनवाला माणूस.

पुढची गोष्ट ऐकायला किळसवाणी आहे, पण किळस सशाची येत नाही. सशाची एक रीत असते. रोजच्या कडक लेंड्यांव्यतिरिक्त तो काही मऊ लेंड्या टाकतो आणि त्या खाली वाकून लगेच तोंडानं उचलून खातो. देवानं त्याचं पोटच तसं केलंय, एकदा खाल्लेल्याचा कस त्याला दुसऱ्यांदा मिळतो. तो न मिळाला तर ससा खंगतो. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एका सकाळी टिपणीसांनी हे बघितलं. आपला युवराज, आपला पावडर लावलेला, दुधापावावर पोसलेला युवराज, काय खातोय ते बघून त्यांना गॅलरीत ओकारी आली म्हणे. तोंडाला रुमाल लावून ते माझ्या दारात आले.

"संगत, वहिनी," ते कुजबुजले. "संगतीचा परिणाम. आमच्या घरात हे नव्हतं."

कुणाची संगत ते त्यांनी मानेनं दाखवलं. मी दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी छातीचा एक जुना एक्स-रे कापून त्याचा गोल पत्रा केला, मधे भोक पाडलं आणि सशाच्या गळ्यात अडकवला. आता त्याचं तोंड स्वतःच्या अंगापर्यंत पोचेना. खाता येईना तसं चाटताही येईना. ससा दिवसभर स्वतःला चाटून जेवढा स्वच्छ ठेवत होता तेवढं जगातलं कुठलंही घंगाळ ठेवू शकत नाही. पण ते आता बंद झालं. केस चिकट व्हायला लागले, मागची बाजू घाण राहायला लागली. मग टिपणीस म्हणायचे, "बघा, किती घाणेरडा झालाय, याला आता रोज आंघोळ पाहिजे," आणि आंघोळी वाढल्या.

सुधाताई हट्टानं नवऱ्याला घेऊन ठाण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "हे गळ्यात काय? आधी काढा. ते त्याचं अन्न आहे. आणि आंघोळ कोण घालतं सशाला?" टिपणीसांनी पत्रा काढून बायकोच्या पिशवीत ठेवला, डॉक्टरांना हात जोडले आणि घरी येऊन पुन्हा घातला. "डॉक्टरांच्या नखांत मळ होता," त्यांनी मला सांगितलं. "अशा माणसाचं काय ऐकायचं?"

पण ससा त्यानंतरही काही महिने जगला. कारण टिपणीस सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की सुधाताई तो पत्रा काढून ठेवत आणि संध्याकाळी बस यायच्या सुमारास पुन्हा घालत. गवत आणि हा पत्रा, उभ्या आयुष्यात त्या बाईनं नवऱ्यापासून एवढंच चोरून केलं असेल.

मग टिपणीसांच्या कंपनीला टाळं लागलं. संप, बोलणी, पुन्हा टाळं; त्या काळात आमच्या पट्ट्यात ते नवीन नव्हतं. टिपणीस घरी बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांना क्वालिटी तपासायला दोनच गोष्टी उरल्या, बायको आणि ससा. पत्रा निघेना. जिन्यातलं गवत बंद झालं. सुधाताई दिसल्या की मी खुणेनं विचारायचे आणि त्या मान हलवायच्या. ससा खाईना, बसल्या जागचा उठेना. बरगड्या हाताला लागायला लागल्या. थंडीचे दिवस होते, खाडीवरून सकाळी बोचरं वारं यायचं, आणि अशा एका सकाळी तो मळका दिसतो म्हणून टिपणीसांनी त्याला घंगाळात घातलं. बाहेर काढला तेव्हा त्याची मान टॉवेलवर पडली ती पडलीच.

आता खरी गंमत. गंमत म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते.

जो ससा दहा मिनिटांपूर्वी युवराज होता, त्याला टिपणीस हात लावेनात. मेलेलं जनावर, विटाळ! सुधाताई आत रडत होत्या आणि हे महाशय जिन्यात येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात कांबळे ऑफिसला जायला निघाले. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. टिपणीस त्यांच्याकडे गेले. इतक्या दिवसांत आपण होऊन पहिल्यांदा. चेहऱ्यावर हसू होतं, ते मला अजून दिसतं.

"कांबळे, एक काम होतं. ससा गेला आमचा. तेवढा जरा उचलून नेता का? म्हणजे तुम्हाला... तुमच्यात ते असतंच ना, पूर्वापार."

मी कामावर निघत होते, कुलूप हातात होतं. कांबळ्यांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं आता हात उचलतात. उचलला असता तर मी बघितलं नाही म्हणून सांगितलं असतं. पण ते अगदी सावकाश बोलले.

"टिपणीस, गावची मेलेली ढोरं ओढायचं माझ्या आजोबांनी सोडलं, तेव्हा गावानं त्यांचं दाणापाणी तोडलं. माझा बाप लेकरू होता. उपाशी झोपलाय तो, दिवस न् दिवस. ते काम मी आता तुमच्या सशासाठी परत सुरू करू?"

"अहो, तसं नाही, रागावू नका, मी आपलं सोय म्हणून..."

"ससा तुमचा होता ना? मग उचला."

डबा घेऊन ते जिना उतरले. टिपणीस माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? मदतीला एक येत नाही. माणुसकी म्हणून राहिली नाही." या माणसाला आपण काय बोललो हे खरंच कळलेलं नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दुष्ट माणसाला निदान आपण दुष्टपणा केला हे ठाऊक असतं.

तेवढ्यात सुधाताई बाहेर आल्या. पदरात ससा, पदर छातीशी धरलेला. नवऱ्याकडे न बघता त्यांनी कांबळ्यांची बेल वाजवली. शालिनीनं दार उघडलं, पदराकडे बघितलं, पायात चपला सरकवल्या. बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर दोघींनी मिळून खड्डा खणला. मी कंपनीला फोन करून उशीर होतो म्हणून सांगितलं आणि खुरपं घेऊन खाली गेले. माती घालताना सुधाताई एकदाच बोलल्या, "गळ्यातलं काढून ठेवलंय मी."

एवढ्यावर प्रकरण संपायला हवं होतं. पण कांबळ्यांचं ते उत्तर टिपणीसांच्या अंगाला चिकटलं होतं आणि डाग ठेवायची त्यांना सवय नव्हती. पुढच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये, खाली गाड्या लावायच्या जागेत, पाणी आणि पंप झाल्यावर ते उभे राहिले. "एक हायजीनचा प्रश्न आहे," म्हणाले. बिल्डिंगमधल्या काही घरांमधून शेतातलं, गटाराकाठचं गवत आणलं जातं, ते आपल्या सशाला बायकोच्या नकळत घातलं गेलं, त्यातून विषबाधा झाली. "मी नाव घेत नाही. पण काही लोकांच्या सवयीच तशा असतात. फ्लॅट मिळाला म्हणून सवयी जात नाहीत. सोसायटीनं समज द्यावी."

नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना शालिनीकडे वळल्या आणि पुन्हा झटकन छताकडे गेल्या. चेअरमन कागद चाळायला लागले. कांबळे उठायला लागले, तर शालिनीनं त्यांचा हात धरून बसवलं आणि स्वतः उठली. पण तिला बोलायला मिळालं नाही. मागून, जिथे बायका उभ्या होत्या तिथून, आवाज आला.

"ससा यांनी मारला."

सुधाताईंचा आवाज मी एवढा मोठा कधीच ऐकला नव्हता. तसा तो मोठा नव्हताच, पण तिथे दुसरा आवाजच नव्हता.

"गवत मी मागून घेत होते. त्या गवतावर तो जगला. डॉक्टरांनी गळ्यातलं काढायला सांगितलं होतं, आंघोळ नको म्हणाले होते. हे घरी नसले की मी काढत होते. हे घरी बसले, तेव्हा माझी छाती झाली नाही. चूक असेल तर तेवढी माझी. शालिनीला कुणी काही बोलायचं नाही."

टिपणीस लाल झाले. "सुधा, वर चल."

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या.

आणि टिपणीस खरंच पुढे झाले. जिन्याचा कठडा डाव्या रुमालानं धरून, एकटे वर गेले. कुणीतरी हसलं. चेअरमननी घाईघाईनं मीटिंग संपली असं जाहीर केलं. सुधाताई त्या संध्याकाळी कांबळ्यांच्या घरी, दार सताड उघडं ठेवून, चहा प्यायल्या.

टिपणीसांनी माफी मागितली का? माफी मागायला आधी आपलं चुकलं असं वाटावं लागतं. "ससा गेल्यापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय," असं ते चारचौघांत सांगायचे, हळू आवाजात, काळजीनं. सुधाताई मात्र शालिनीबरोबर शिरवण्याला जायला लागल्या. तिथे एक बालवाडी निघाली होती. गावातली आगरी पोरं, खाणीवरच्या मजुरांची पोरं. शेंबडी, धुळीनं माखलेली, आणि बाईंना "बाय, बाय" करत अंगाला लोंबकळणारी. सुधाताई परत यायच्या तेव्हा साडीवर बोटांचे ठसे असायचे. त्या बाईच्या अंगावर डाग आणि तोंडावर हसू, दोन्ही मी पहिल्यांदाच बघत होते.

एका संध्याकाळी टिपणीस दार अडवून उभे होते. मी कुलूप उघडत होते, कान नको म्हटलं तरी ऐकत होते.

"कुणाकुणाला हात लावून आलीस. आधी बाथरूम. आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचं नाही."

सुधाताई म्हणाल्या, "मी ससा नाही," आणि त्यांच्या हाताखालून वाकून आत गेल्या.

त्यानंतर वर्षभरानं गणपतीला म्हणून त्या पेणला भावाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. जाताना शालिनीच्या मुलीला त्यांनी स्वतःच्या कानातले दिले. तिथेही लहान मुलांची शाळा चालवतात असं शालिनीकडून कळायचं. टिपणीस सांगायचे, "तिला पेणची हवा मानवते." हवेवर टिपणीसांना ढकलता येत नव्हतं असं काहीच नव्हतं. मग ते एकटेच सगळं पुसायचे. दारं, खिडक्या, गॅस, नळ. साबणाच्या पाण्यानं बोटांना भेगा पडल्या होत्या. लोक हळहळायचे, बिचारे एकटे पडले म्हणून. मी नाही हळहळले. ज्या घरातून दोन जीव पुसून काढले त्या घरात आता त्यांना हवी तशी स्वच्छता होती.

आम्ही नेरूळला मोठ्या जागेत गेलो, आणि पुढची काही वर्षं मला टिपणीस दिसले नाहीत. मग एकदा बेलापूरहून वाशीमार्गे पुढे जाणाऱ्या बसमध्ये दिसले. दुपारची वेळ, बस निम्मी रिकामी. पुढच्या बाकावर एक म्हातारा झोपलेला, आणि त्याची मान शेजारच्या बाईच्या खांद्यावर कलंडलेली. बाई मासळीवाली होती. बेलापूरलाच चढली असावी. पायाशी रिकामी पाटी, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिच्या खांद्यावर टिपणीसांचं डोकं होतं. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आलेली आणि ती तिच्या चोळीच्या बाहीवर पसरत चाललेली. बुशशर्टाची कॉलर पिवळी पडली होती.

मी शेजारच्या रांगेत बसले तशी ती बाई मला हळूच म्हणाली, "म्हातारा कवाधरना झोपलाय. कुठं उतरनार हाय, ठाव हाय का गो तुला?"

"वाशीला," मी म्हटलं.

"मंग झोपू दे. वाशी आली की उठवीन मी." आणि त्याचं डोकं घसरू नये म्हणून तिनं आपला खांदा थोडा वर केला.

पण तुर्भ्याच्या वळणावर बसला गचका बसला आणि टिपणीस जागे झाले. आपली मान कुठे होती ते त्यांनी बघितलं. पाटी बघितली, लुगडं बघितलं. ते ताडकन उठले, खिशातून रुमाल काढला आणि गाल पुसला, पुन्हा पुन्हा पुसला, गाल लाल होईपर्यंत.

"बसा की बाबा," ती म्हणाली, आणि अजून जागा व्हावी म्हणून खिडकीकडे सरकली. "मी कुठं काय बोललो? बसा, पराल."

बसमध्ये चहूकडे रिकामे बाक होते, पण त्यावर आधी कोण बसून गेलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. दांडीला रुमाल गुंडाळून ते उभे राहिले. प्रत्येक खड्ड्याला गुडघे वाकत होते, प्रत्येक वळणाला अंग भेलकांडत होतं, आणि दर वेळी त्या बाईचा हात आपोआप पुढे व्हायचा आणि ते तो चुकवायचे.

वाशीला मी उतरले. बस सुटताना खिडकीतून ते दिसले. त्यांचा, आमच्या जुन्या बिल्डिंगजवळचा, स्टॉप मागेच गेला होता. ते तसेच उभे होते.